राणी रंगाचा धागा

इटलीच्या त्या बाई आमच्या घरी पहिल्यांदा आल्या त्या कापडासाठी नव्हे, बाथरूमसाठी. ऑफिसात मी हे आजवर कुणाला सांगितलेलं नाही. तेव्हा मी काल्हेरच्या एका निर्यात एजंटाकडे नोकरीला होते. परदेशी गिऱ्हाइकांना गाडीत घालून भिवंडीतले कारखाने दाखवायचे, मालकाचं हिंदी आणि पाहुण्याचं इंग्रजी एकमेकांना समजावून सांगायचं, आणि ज्याने कुणाला राग येईल ते मधल्या मध्ये गिळून टाकायचं, हे माझं काम. बाई महागड्या पर्सचं डिझाइन करायच्या आणि पर्सच्या आतल्या अस्तरासाठी त्यांना साधं सुती कापड हवं होतं. सकाळपासून तीन कारखाने झाले. तिन्ही ठिकाणी त्यांनी कापड बोटांत धरून पाहिलं, नको म्हणून मान हलवली आणि चहाला मात्र नाही म्हटलं नाही. त्याचं जे व्हायचं ते झालं. खारबावचं आमचं घर दहा मिनिटांवर होतं.

घराला लागूनच बाबांची लूमची शेड. खरं तर अर्धीच शेड. उरलेली अर्धी मोठ्या काकांची, आणि मध्ये छपरापर्यंत न पोचलेली एक भिंत. वाटणीत आजोबांच्या नावाची पाटी काकांकडे गेली आणि बाबांच्या वाट्याला बोअरिंग आलं. बाबांनी दुसरी पाटी लावलीच नाही. बापाचं नाव सोडून दुसरं काय लिहू, असं ते बारा वर्षं विचारत आले होते. पण धुलाईला गेलेले आपले तागे काकांच्या ताग्यांत मिसळू नयेत म्हणून ते कापडाच्या किनारीत एक राणी रंगाचा धागा घालायचे. राणी रंगच का, तर वाटणीच्या दिवशी त्या रंगाच्या सुताचे कोन, म्हणजे सूत गुंडाळलेली मोठी रिळं, तेवढे कुणालाच नको होते. दोघे भाऊ तेव्हापासून एकमेकांशी बोलत नव्हते. बोअरिंगचं पाणी मात्र भिंतीखालून काकांकडे जात राहिलं. ते तोडणं बाबांना शोभलं नसतं, आणि नको म्हणणं काकांना जमलं नसतं.

बाई बाथरूममधून बाहेर आल्या आणि आवाजाच्या रोखाने सरळ शेडमध्ये शिरल्या. ढिगातला एक तागा उघडून त्यांनी त्या धाग्यावरून बोट फिरवलं आणि विचारलं, हे काय आहे? मी पाटीपासून बोअरिंगपर्यंत सगळं सांगितलं. सांगायला नको होतं, पण आमच्या घरात वाटणीचा विषय निघाला की थांबता येत नाही. बाई तिथेच एका पोत्यावर बसल्या.

मग आईने त्यांना तांदळाची भाकरी आणि कोळंबीचं कालवण वाढलं. जेवता जेवता त्यांनी आपली कहाणी सांगितली. आजोबा हातमोजे शिवायचे. वडिलांनी पर्स करायला घेतल्या आणि घराण्याचं नाव एवढं मोठं झालं की दुकानाबाहेर लोक रांगा लावू लागले. बाई सोळाव्या वर्षी पर्सचे बंद शिवायला बसल्या आणि पुढे वीस वर्षं एकूण एक पर्सचं डिझाइन त्यांनीच केलं. भाऊ मीटिंगांना जायचा. वडील गेल्यावर भावाने कंपनी एका मोठ्या कंपनीला विकली, आणि कंपनीबरोबर नावही गेलं. आता कागदोपत्री बाईंना स्वतःचं आडनाव पर्सवर घालता येत नाही, पट्ट्यावर नाही, बुटावर नाही, छत्रीवरसुद्धा नाही.

मी वाक्यावाक्याने मराठी करत होते. बाबांनी भाकरी खाली ठेवली.

"भाव मोठा का धाकला?"

मोठा, असं मी विचारून सांगितलं. बाबांनी भिंतीकडे पाहिलं.

"वाटलाच मना."

त्यानंतर बाबांना भाषांतराची गरज उरली नाही. बाई इंग्रजीत, बाबा आगरीत, आणि दोघेही बरोबर जागी मान डोलवत होते. आईचं लक्ष मात्र बाईंच्या पर्सकडे होतं. पर्सला चेन नाही म्हणजे काय, असं म्हणून तिने स्वतःच्या पदराची सेफ्टीपिन काढून त्यांच्या पर्सला लावली. तसल्या पर्सच्या चामड्याला भोक पडू नये म्हणून मी हात पुढे केला, तोवर पिन लागलीही होती. बाईंनी मात्र ती पिन तशीच राहू दिली.

कापड त्यांनी आमच्याकडूनच घ्यायचं ठरवलं. अट एकच, किनार आत दुमडायची नाही. पर्स उघडली की तो राणी धागा दिसला पाहिजे. बाहेर नाव नाही, आत फक्त हा धागा. तिकडे इटलीत, आपल्या गावात त्या पहिल्यांदा एकटीच्या जोरावर पर्स मांडणार होत्या. बिननावाची ही बाई काय करते ते बघायला भावासकट सगळा गोतावळा येणार होता. त्यात फजिती झाली असती, तर त्यांना पुन्हा कुणी विचारलं नसतं.

माल जायच्या दहा दिवस आधी मी फोटो काढायला शेडमध्ये गेले. तागे रचून ठेवलेले, बाबा हात पुसत उभे, बोटं निळी. प्रत्येक मीटरवर, राणी धाग्याला लागून, इंग्रजी अक्षरांत बाईंचं आडनाव. बाबांनी त्यांच्या कार्डावरून ते उतरवून भिवंडीत शिक्का करून घेतला होता आणि तीन दिवस मांडी घालून एकट्याने मारला होता.

"तिचा नाव भावान् घेतला," ते म्हणाले. "आपन परत दिला. पक्की शाई हाय, काय केला तरी जानार न्हाय."

मी तिथल्याच पोत्यावर बसले. जे नाव घातलं म्हणून बाई कोर्टात उभ्या राहिल्या असत्या, ते मीटरामीटरावर होतं आणि जाणार नव्हतं. किनार कापावी तर धागाही गेला. मी बाबांना हे समजावलं तेव्हा त्यांचा चेहरा एवढा पडला की रागवायचं राहूनच गेलं. बाईंना फोन केला. त्या आधी खदखदून हसल्या, मग नाक शिंकरल्याचा आवाज आला. मग त्यांनी विचारलं, दहा दिवसांत पुन्हा होईल का?

आमच्या लूमवर अर्धंच झालं असतं. उरलेल्या अर्ध्यासाठी लूम कुठे आहेत हे घरात सगळ्यांना माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबांनी दाढी केली, लग्नाकार्याला घालायचा पांढरा शर्ट घातला आणि स्वतःच्याच शेडमध्ये भिंतीपुढे जाऊन उभे राहिले. लूम बंद करायला सांगितले. पलीकडचेही बंद झाले, बहुतेक काय झालं म्हणून.

"दादूस," बाबांनी भिंतीला हाक मारली. "पानी येतंय का बराबर?"

बारा वर्षांनी भावाला विचारायला त्यांना हेच सुचलं.

"येतंय."

मग बाबांनी बाईंची सगळी हकिगत भिंतीला सांगितली. मोठा भाऊ, विकलेलं नाव, छत्री, शिक्का, काहीही न लपवता. मोठ्या भावाचा भाग आला तेव्हा त्यांनी आवाज थोडा उतरवला, एवढाच काय तो मान.

"धागा कंचा?" काकांनी विचारलं.

बाबांनी राणी रंगाचा एक कोन उचलला आणि भिंतीवरून पलीकडे टाकला.

माल वेळेवर गेला. आईने शिक्क्याच्या कापडाच्या पिशव्या शिवल्या आणि गावभर वाटल्या. त्यामुळे इटलीतलं ते मोठं नाव आज खारबावात मेथी आणि सुका जवळा आणायला वापरलं जातं. ते नाव विकत घेतलेल्या कंपनीचे वकील इकडे कधी फिरकू नयेत, एवढीच माझी इच्छा आहे.

चार महिन्यांनी एक खोका आला. आत एक पर्स आणि चिठ्ठी. पर्स सगळ्या विकल्या गेल्या होत्या, भाऊ येऊन धाग्याला हात लावून गेला होता. पर्सला बाहेर नाव नव्हतं. पर्सच्या तोंडाशी आईची ती सेफ्टीपिन होती. आईने पर्स ताबडतोब प्लास्टिकच्या पिशवीत घातली आणि काकांना बोलावणं धाडलं. काका चपला बाहेर काढून बारा वर्षांनी आमच्या ओटीवर चढले. दोघा भावांनी चष्मे लावले, पर्स उघडली आणि ती किनार डोळ्यांजवळ धरली.

"ह्यो कापड तुजा, दादूस," बाबा म्हणाले. "एवरी घट्ट किनार तुजीच असते."

काका म्हणाले, न्हाय, तुझा. बाबा म्हणाले, मी माझं कापड ओळखत न्हाय का. काकांनी आवाज चढवला. बाबांनी त्यांच्यावर चढवला. शेजारचे लोक दारात आले. वाटणीच्या वेळी याच ओटीवर हेच दोघे 'माझा, माझा' म्हणून भांडले होते, तेव्हाही शेजारी असेच आले होते. मी मध्ये पडायला उठले तर आईने माझा हात धरून मला खाली बसवलं.

"राहू दे," ती म्हणाली, "भांडू दे त्यांना," आणि चहा टाकायला आत गेली.