शनी दाखवायची संध्याकाळ

माझी पन्नाशी पूर्ण झाली तेव्हा पुण्याच्या लेकीनं मला दुर्बीण पाठवली. खोक्यावर नाव माझं होतं, पण ते फोडलं आमच्या ह्यांनी. मी त्या दिवशी गडमुडशिंगीला जावेकडं गेले होते. परत आले तर हॉलभर थर्माकोल, आणि मधोमध हे तिवईचे पाय घेऊन बसलेले.

"हात लावू नकोस," ते म्हणाले. "नाजूक वस्तू हाय. तुला कळायचं न्हाय त्यातलं."

मी फिजिक्स घेऊन बी.एस्सी. झाले होते. एम.एस्सी.ला प्रवेशही मिळाला होता. त्याच महिन्यात हे मला बघायला आले, आणि बँकेतला मुलगा, शेतीवाडी, असं स्थळ परत येणार नाही यावर हातकणंगल्याच्या आमच्या घरात सगळ्यांचं एकमत झालं. हे सारं त्यांना ठाऊक होतं. ते विसरलेही नव्हते. त्यात लक्षात घेण्यासारखं काही आहे असं त्यांना कधी वाटलंच नव्हतं, एवढंच.

आमच्याकडं जेवणं दिवस मावळायच्या आत होतात, त्यामुळं संध्याकाळ मोकळी असते. त्यांनी दुर्बीण गच्चीवर नेली. सगळ्यांत मोठं दाखवणारं आयपीस, म्हणजे डोळ्याकडचं भिंग, लावलं, त्यात भर म्हणून आणखी एक भिंग बसवलं आणि चंद्राकडं तोंड करून अर्धा तास घाम गाळला. काळोखाशिवाय काही दिसेना. नळीच्या तोंडावरच्या मोठ्या झाकणाला मधे एक छोटं टोपण असतं. त्यांनी तेवढंच काढलं होतं.

"अहो, ते आख्खं झाकण निघतंय," मी म्हटलं.

"गप बस जरा!"

दुसऱ्या दिवशी "सगळा बोगस माल" म्हणून दुर्बीण जिन्याखाली गेली.

तिथून ती मी काढली. बँकेतून लवकर निवृत्ती घेतल्यापासून हे दुपारी घरीच असायचे; ते पेपर तोंडावर घेऊन झोपले की मी सोबतची पुस्तिका वाचायची. मोठ्या नळीच्या पाठीवर एक छोटी शोधक दुर्बीण असते, ती मोठीशी जुळवून घ्यावी लागते, आणि ते काम दिवसाउजेडी करायचं असतं. लांबच्या मोबाईल टॉवरचं टोक मी मोठ्या नळीत मधोमध आणलं. मग शोधकाचे स्क्रू थोडे थोडे पिळत त्यातली फुली त्याच टोकावर आणली. तीन दुपारी गेल्या. कुणी विचारलं तर वाळवण बघायला वर गेले होते.

संध्याकाळी हे रंकाळ्यावर फिरायला गेले की मी दुर्बीण लावायची. चौथ्या संध्याकाळी शनी सापडला. तुरीच्या डाळीएवढा, पिवळसर, आणि त्याच्याभोवती कडं. चित्रात असतं तसंच, पण खरं. मी नळीला धक्का लागू नये म्हणून हात पाठीमागं बांधून बघत होते आणि एकटीच हसत होते.

मग मी चूक केली. ह्यांना वर बोलावून दाखवला.

त्यांनी बराच वेळ डोळा लावला. "आयला, खरंच की!" म्हणाले. माझ्या खांद्यावर हातही ठेवला. तेवढा वेळ फार बरं वाटलं, हे खोटं कशाला बोलू?

दुसऱ्या दिवशी सकाळी ते फोनवर कुणाला तरी सांगत होते, "मी काल शनी पकडला." रविवारी त्यांनी सगळ्या अपार्टमेंटला गच्चीवर बोलावलं.

"दुर्बिणीजवळ मी थांबू का?" मी विचारलं.

"लोकांसमोर तू कशाला? आधी लावून दे, आणि चहाचं बघ."

मी शनी मधोमध आणून दिला आणि खाली आले. अंधार पडल्यावर आम्ही काही घेत नाही, पण पाहुण्यांना चहा हवा. वरून त्यांचा आवाज येत होता, बँकेत नव्या पोरांना शिकवायचे तसा. पृथ्वी फिरते, तसा ग्रह नळीतून सरकत जातो आणि दोन-तीन मिनिटांत बाहेर पडतो. त्याच्या मागं मागं नळी हलवत राहावी लागते. हे मी त्यांना सांगितलं नव्हतं. विचारलंही नव्हतं त्यांनी.

थोड्या वेळानं हाक आली, "अगं, जरा वर ये!"

मी आलं किसत होते. दुसरी हाक आली. तिसऱ्या हाकेत त्यांचा आवाज उतरला होता. शेजारची सून खाली आली. "काकी, काका बोलवायलेत. त्यांना सापडंना झालंय."

"आले म्हणावं. चहा उतू जाईल."

चहा उकळून झाला होता. मी गॅस बारीक केला आणि ओट्याला टेकून उभी राहिले.

ट्रे घेऊन वर गेले तेव्हा हे लोकांना सांगत होते, "ढग आलेत जरा." कुणाकडं तरी चंदगडचे एक गृहस्थ पाहुणे आले होते. ते मोठ्यानं म्हणाले, "पावणं, आभाळ तर मोकळं हाय की!" सगळे हसले. ह्यांनी माझ्याकडं पाहिलं. शनी पाण्याच्या टाकीच्या वर अगदी समोर होता. अर्ध्या मिनिटाचं काम होतं.

"चहा घ्या," मी लोकांना म्हटलं. "निवतोय."

आठवडाभरानं त्यांनी दुर्बीण नणंदेच्या घरी पोहोचवली, "इथं नुसती धूळ खातीय" म्हणून. ती माझी आहे, एवढं तीन शब्दांचं वाक्य मला बोलता आलं असतं. लेक फोनवर विचारायची, "आई, बघतेस ना गं?" मी "बघते की" म्हणायची.

गेल्या वर्षी नणंदेकडं गेलो तर तिवईवर ओले टॉवेल वाळत होते. "नळी कुठाय?" मी विचारलं. "असंल माळ्यावर," ती म्हणाली. "पायजे काय?"

हे माझ्या शेजारीच बसले होते. मी नको म्हटलं.

येताना बसमध्ये हे खिडकीला डोकं टेकून झोपले. त्या रविवारी मी हाकेसरशी वर गेले असते, तर लोकांनी त्यांचीच वाहवा केली असती आणि मी चहाच वाटला असता. पण शनी माझ्याकडं राहिला असता.