बदामीच्या तंगाखालची गाठ

खरारामामाचं खरं नाव पागेत कुणाला ठाऊक नव्हतं. घोड्याला खरारा करावा तो यानंच, म्हणून ते नाव चिकटलं. बाकीचे मोतद्दार घोड्याला कुरवाळल्यासारखा ब्रश फिरवायचे. मामाचा हात खांद्यातून यायचा. "घाम घोड्याला नाही, आपल्याला फुटला पाहिजे," म्हणायचा. आता पागा सुटली, गुडघे बोलायला लागले, तरी सकाळी जाग आली की उजवा खांदा आपोआप हलतो. आणि आठवते ती बदामी.

बदामी नुकतीच खोगिराला सरावलेली, कोवळी घोडी. रंग बदामाच्या सालीचा. एके सकाळी मामाच्या बोटांना तिच्या पुढच्या पायामागे, अगदी खोगीर आवळायचा तंगाचा पट्टा पोटाखाली बसतो तिथे, वाटाण्याएवढी गाठ लागली. मांडीच्या आतही एक खरबरीत चट्टा होता. मामाला वाटलं, मळ आहे. त्यानं जोर लावला. गाठ हटली नाही, उलट फुगली.

मग त्यानं ठरवलं, चामखीळ आहे. चामखिळीवर पागेतला जुना इलाज होता आणि तो त्याला सासऱ्यानं शिकवला होता. सासराही याच पागेतला. शेपटीचा लांब केस उपटायचा, गाठीच्या बुडाशी करकचून बांधायचा, की ती वाळून गळते. गळलीही. मामा दोन दिवस मिशीत हसत होता.

महिन्याभरात त्याच जागी कोबीच्या गड्ड्यासारखं लाल, ओलं काहीतरी वर आलं. तंग आवळला की बदामी कान पाडायची आणि लाथ झाडायची.

मालकीण म्हणाली, "मामा, तंग न घेणारी घोडी मी लोकांना बसायला कशी देऊ? सुट्ट्या लागेपर्यंत बरी झाली तर झाली. नाहीतर पैदाशीसाठी मागणारा एकजण आहे, त्याला देऊन टाकते."

मामानं त्याच सकाळी डॉक्टरला बोलावणं धाडलं.

जनावरांच्या डॉक्टरीणबाई आल्या. गुडघ्यावर बसल्या, चष्मा वर सरकवला, चिमट्यानं काहीतरी ओढलं.

"हा केस कुणाचा?"

"तिच्याच शेपटीचा."

"आणि बांधला कुणी? तिनंच?"

मामा छताकडे बघायला लागला.

"ही चामखीळ नाही, मामा. कातडीतलीच गाठ आहे. जिवाला धोका नाही, पण डिवचली की चवताळते. तुम्ही वरचं तोडलंत, मूळ आत राहिलं."

"मग आता मी काय करू?"

"काही नाही."

"काही नाही म्हणजे?"

"म्हणजे काहीच नाही. मी कापून काढते, मूळ गोठवून मारते. मांडीवरचा चट्टा गप्प आहे, त्याला गप्पच राहू दे. तुम्ही तिथे खरारा करायचा नाही, तंग घालायचा नाही, मनाचं मलम लावायचं नाही. माश्या तेवढ्या बसू देऊ नका."

जन्मभर अंगमेहनत केलेल्या माणसाला हे काम झेपेना. जखमेवर काळी खपली धरली, वास सुटला, आणि मामाचे हात शिवशिवायला लागले. शेजारच्या घोड्याला दुप्पट खरारा मिळाला. घरी येऊन मामा पातेली घासत बसायचा. बायको म्हणाली, "घोडी आजारी पडली आणि माझी भांडी उजळली. आणखी थोडे दिवस राहू दे तिला तशीच."

"तोंड आवर," मामा म्हणाला. पण बायकोनं त्याचा जुना लोकरीचा स्वेटर उसवून तंगासाठी मऊ गवसणी शिवायला घेतली होती, ते त्यानं पाहिलं होतं.

मग तो पालथ्या बादलीवर बसू लागला. हातात फडकं, माश्या हाकलायला. भर उजेडात पागेत बसून राहण्याची ही त्याची पहिलीच वेळ. कामाला उभा राहिल्यापासून घोडे त्याच्या हाताखालून गेले होते. नजरेखालून ही पहिलीच. ती डुलकी घेताना मागच्या एका खुराचं नुसतं टोक टेकवून ठेवायची. पाणी प्यायच्या आधी त्यावर फुंकर मारायची. मामा बघत राहायचा, आणि कंटाळा यायच्या ऐवजी दुपार सरून जायची.

खपली पडली. खाली गुलाबी कातडी, मग तिच्यावर पांढरी लव. डॉक्टरीणबाईंनी मान डोलावली. मामानं गवसणी चढवलेला तंग घेतला आणि एकेक भोक पुढे घेत, थांबत थांबत आवळला. बदामीनं कान मागे नेले. मान वळवून त्याच्या कोपराचा वास घेतला. कान पुढे आले.

मालकीण स्वतः वर बसली, एक फेरी मारून उतरली. "राहू दे तिला," म्हणाली. मामा नाक शिंकरायला बाहेर गेला.

मांडीवरचा चट्टा तसाच राहिला. मामा निवृत्त होईपर्यंत त्याचा खरारा तिथवर यायचा, उचलला जायचा आणि पलीकडे टेकायचा.

परवा बायको म्हणाली, "एवढे घोडे झाले, हीच का आठवते?"

"बाकीच्यांच्या पाठी आठवतात. हिचं तोंड आठवतं. चघळताना खालचा ओठ असा लोंबायचा." आणि मामानं ओठ लोंबवून दाखवला.

"पुरे," बायको म्हणाली. "भांडी पडलीत."