रेंज गेली की उठायचं

"…सुजाताची पोरगी गो, भर परीक्षेत उठून उभी राहिली म्हणे. मग त्या सरांनी तिला धरलंनीत आणि सरळ—"

एवढंच ऐकलं मी. मासळी बाजारात माझ्यापुढे दोघी बोलत होत्या, तेवढ्यात त्यांची रिक्षा आली आणि पुढचं वाक्य रिक्षात बसून गेलं. मी मांदेलीची पिशवी हातात घेऊन तिथेच उभी. त्यातली एक जरी ओळखीची असती तर मागे धावले असते, खोटं कशाला सांगू.

परीक्षा आदल्या दिवशी झाली होती. मी नेमकी दोन दिवस पावसला बहिणीकडे आंब्याच्या पेट्या भरायला गेले होते, म्हणून शेजारघरची गोष्ट मला बाजारात कळत होती. तीही अर्धी.

असे किस्से काही एका दिवसात जमत नाहीत. आमच्या आणि सुजाताच्या खळ्यांच्या, म्हणजे अंगणांच्या मध्ये जांभ्या दगडांचा गडगा आहे, कमरेएवढा. अलीकडे उभं राहून आमसुलं वाळत घातली तरी पलीकडचं सगळं कानावर येतं. वर्षभर आलं. त्यातलं थोडं सांगते.

*

सुजाता अंगणवाडीत सेविका. नवरा मिलिंद मुंबईला नोकरीला, एप्रिलात जयंतीला आणि मे महिन्यात येतो. एकुलती मुलगी प्रज्ञा. तिला नर्सिंगला जायचं होतं. मागच्या वर्षी सीईटी दिलीन, आणि सरकारी कॉलेज थोडक्यात हुकलं. खाजगीत घालायची त्यांची ताकद नाही.

तेव्हा मिलिंद खळ्यात बसून म्हणाला, "यंदा अजून एकदा बस. नाही झालं तर आत्याकडे मुंबईला. तिच्या कंपनीत पॅकिंगला मुली घेतात."

"बरं बाबा," म्हणाली प्रज्ञा, आणि कळशी घेऊन पाण्याला गेली.

घरातली पिंपं दोन्ही भरलेली होती. मीच सकाळी पाहिली होती.

*

आमच्या वाडीत नाटेकर गुरुजी राहतात. शाळेतून निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण मुलांना शिकवायचं सोडलेलं नाही. सराव परीक्षेचे पेपर ते स्वतःच्या अक्षरात लिहितात आणि झेरॉक्स काढून वाटतात. मागच्या वर्षी प्रज्ञाने तेच सोडवले होते. सगळ्यांत तिचा पहिला नंबर.

"कागदावर डोकं चालतं," गुरुजी म्हणायचे. "कॉम्प्युटरच्या काचेवर नुसते डोळे फिरतात."

सुजाता एरवी त्यांच्यासमोर मान वर करत नाही. यंदा मात्र एक दिवस म्हणाली, "पण गुरुजी, परीक्षा काचेवरच असते ना?"

"मग कागदावर तयारी करायची आणि काचेवर द्यायची. विद्या तीच."

"म्हणजे पोहायला ओटीवर शिकवायचं आणि भाट्याच्या समुद्रात सोडायचं?"

गुरुजींनी चष्मा काढून पुसला. चार दिवस सुजाताशी बोलले नाहीत. प्रश्नपत्रिका मात्र रोज सकाळी घडी घालून तिच्या दाराच्या फटीत येत होती.

*

सुजाता एवढं बोलली त्याला कारण आमचा मुलगा केतन.

दोन वर्षांपूर्वी केतनने सीईटी दिली. त्याने सगळा सराव ऑनलाइन केला होता, पण कशावर? मोबाईलवर. आडवा पडून, आंघोळीला जाताना, जेवताना. मला वाटायचं, काय अभ्यास करतोय पोर.

परीक्षेच्या हॉलमध्ये मोठा कॉम्प्युटर. याने पहिला प्रश्न वाचलान आणि उत्तरावर बोट ठेवलंन. काही होईना. परत ठेवलंन. मग हात वर करून सरांना सांगतो, "सर, माझी स्क्रीन बंद आहे."

सरांनी येऊन माऊस हलवला आणि म्हणाले, "स्क्रीन चालू आहे, बाळा. तू चालू हो."

सगळे हसले. याचे कान जे तापले ते पुढे तासभर थंड झाले नाहीत. प्रश्न येत होते, पण वाचलेलं आत जात नव्हतं, असं तो सांगतो. आता केतन पुण्याला कामाला आहे, बरं चाललंय. हा किस्सा तो स्वतःच मित्रांना हसत सांगतो. मला अजून हसायला येत नाही.

*

दिवाळीनंतर मिलिंदने कोणाचा तरी जुना लॅपटॉप पाठवला. आता ऑनलाइन टेस्ट होणार म्हणून सुजाताने खळ्यात टेबल मांडलं. घरात रेंज नाही. खळ्यात आहे आणि नाही. ती येते ती गडग्यावर, काजूच्या झाडाकडच्या कोपऱ्यात, वरून तिसऱ्या दगडापाशी. तिथे सुजाताचा मोबाईल ठेवायचा आणि त्याच्या नेटवर लॅपटॉप चालवायचा.

या गडग्यावर आमच्या ह्यांचा, वाडीतल्या सगळ्यांच्या भाऊंचा, फार दिवस डोळा होता. दगड सुटलेत, साप-जनावरं निघतात, यंदा आंबा उतरला की गडगा काढायचा आणि चिऱ्याचं पक्कं कंपाउंड घालायचं. मे अखेरीला गवंडी येणार ठरलं होतं. मिलिंदचीही हरकत नव्हती.

टेस्टच्या वेळी मला काम असायचं. मोबाईलवरच्या रेघा बघायच्या आणि कमी झाल्या की हाक मारायची. मधेच रेंज जायची. पडद्यावर एक गोल फिरत राहायचा. मग प्रज्ञा उठून गडग्यापाशी यायची, मोबाईल जरा वर धरायची, रेंज आली की परत जाऊन बसायची.

एकदा ती अशी उठलेली असताना मी पलीकडे गेले. लॅपटॉपवर काजूचं सुकं पान पडलं होतं, ते झाडायला. माझं बोट कुठे लागलं देव जाणे. पडद्याने इंग्रजीत काहीतरी विचारलंन. मी घाबरून दुसरं एक बटण दाबलं. टेस्ट जमा झाली. वीसएक प्रश्न राहिले होते.

ती आली, पडद्याकडे पाहिलंन, माझ्याकडे पाहिलंन. म्हणाली, "असू दे काकी. वाचून झाले होते."

मग एक कोरा कागद घेतलान आणि त्यातले आठवतील तेवढे प्रश्न लिहून काढून सोडवत बसली. मी घरी येऊन चहा टाकला. तो उतू गेला तरी मला कळलं नाही.

*

ऑनलाइन टेस्टमध्ये तिचे मार्क पडत होते. कागदावर पहिली येणारी मुलगी, लॅपटॉपवर तिचं गणित बिघडायचं. सुजाता मला गडग्यापाशी म्हणाली, "वहिनी, मीच चुकले का? गुरुजींचं ऐकायला हवं होतं का?"

मी नववी नापास. मी काय सांगणार? मी गुरुजींना जाऊन सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी गुरुजी स्वतः आले. न बोलता खुर्ची घेऊन प्रज्ञाच्या मागे बसले. अख्खी टेस्ट बघितलीनीत. रेंज दोनदा गेली, तेही बघितलंनीत.

संपल्यावर विचारलं, "कागदावर पेपर सोडवतेस तेव्हा हाताने काय करतेस?"

"उत्तरं लिहिते."

"त्याच्या आधी?"

गुरुजींनी पिशवीतून तिचे जुने पेपर काढले. प्रत्येक प्रश्नात चुकीच्या पर्यायांवर पेन्सिलीची बारीक फुली होती. आधी काय नाही ते खोडायचं, मग उरेल ते उत्तर. ही तिची लहानपणापासूनची सवय, तिलाच ठाऊक नव्हती. काचेवर फुली मारता येत नव्हती, म्हणून हात रिकामा आणि डोकं अडलेलं.

"परीक्षेत कच्चं काम करायला कागद देतात ना? त्यावर प्रश्नाचा नंबर घालायचा, चार अक्षरं मांडायची, आणि फुल्या तिथे मारायच्या. डोळा काचेवर, हात कागदावर."

मग सुजाताकडे न बघता म्हणाले, "तुझी आई बरोबर बोलली होती. समुद्रातच शिकायला हवं. पण हात बांधून नाही."

आणि एक नियम घालून दिलानीत. पडदा थांबला की बसून त्याच्याकडे बघत राहायचं नाही. "बसलीस तर रडशील. उठायचं, दहा श्वास मोजायचे, आणि मग बसायचं. रेंज गेली की उठायचं."

तेव्हापासून परीक्षेपर्यंत रोज तेच. गोल फिरायला लागला की प्रज्ञा उठायची, गडग्यावर हात ठेवून श्वास मोजायची. नंतर नंतर मी हाक मारायच्या आधीच ती उठलेली असायची.

*

तर ती मांदेली घेऊन मी बाजारातून थेट सुजाताच्या खळ्यात. प्रज्ञा उंबऱ्यात बसून भाजी निवडत होती. सुजाता आत. तिथूनच माझा चेहरा बघून ती म्हणाली, "कळलं वाटतं बाजारात?"

"काय कळलं? अर्धंच कळलं. ही उठली, आणि सरांनी हिला धरून सरळ… काय? बाहेर काढलं?"

प्रज्ञा खाली बघूनच बोलत होती. "अर्धा पेपर झाला होता काकी. स्क्रीन थांबली. एका रांगेतल्या सगळ्यांची. बाजूची मुलगी रडायला लागली."

"आणि तू?"

"मला कळलंच नाही. मी उभी होते. दोन पावलं चाललेसुद्धा. सर धावत आले, दंड धरलानीत. म्हणाले, कुठे चाललीस?"

"मग तू काय म्हणालीस?"

"गडग्यावर."

सुजाता आतून हसली. मी मांदेलीची पिशवी खाली ठेवली आणि तिच्या शेजारी उंबऱ्यात बसले.

तर बाजारातलं एवढं खरं होतं की ती उठली आणि सरांनी तिला धरून नेलं. बाहेर मात्र नाही. नेलं ते खिडकीजवळच्या दुसऱ्या कॉम्प्युटरवर. मग त्या रांगेतल्या बाकीच्यांनाही बदलून दिले. गेलेली मिनिटं सगळ्यांना परत मिळाली. ही तिथे बसली तेव्हा तिचे दहा श्वास मोजून झाले होते आणि फुल्यांचा कागद हातात होता.

"पेपर पुरा झाला?"

"झाला काकी. पण कठीण होता. सांगता येत नाही."

तेवढ्यात मिलिंदचा फोन. रोज याच वेळेला येतो. सुजाताने गडग्याकडे जाऊन स्पीकर लावला आणि त्यालाही सगळं पहिल्यापासून सांगितलं. काल सांगितलं नव्हतं, तो बिचारा काळजी करील म्हणून. स्क्रीन, रडणारी मुलगी, दंड धरणारे सर, गडगा. तो मधे एकदाही बोलला नाही. मला वाटलं रेंज गेली. रेघा बघितल्या, होत्या.

मग म्हणाला, "निकाल लागायला अजून वेळ आहे ना?"

"आहे."

"वहिनी आहेत का तिथे?"

"असणारच," सुजाता म्हणाली.

"त्यांना म्हणावं, भाऊंना सांगा," मिलिंद म्हणाला, "गवंडी यंदा नको. गडगा अजून एक वर्ष राहू दे."