झांस्करची किल्ली आणि माझे साडू

सपाट देशात राहून आयुष्यभर चढावर असलेला एकच मनुष्य माझ्या पाहण्यात आहे, आणि तो माझा साडू आहे. माझ्या थोरल्या मेहुणीचे हे यजमान आइंडहोव्हनच्या एका चिप-यंत्रांच्या कंपनीत अभियंते आहेत. ज्या प्रदेशात कालव्यावरचा पूल हाच सायकलस्वाराला लागणारा सर्वांत मोठा चढ, तेथे ते सदैव गिर्यारोहणाचे बूट घालून वावरतात. मी पुण्यात तीस वर्षे भूगोल शिकवला आणि निवृत्तीनंतर पत्नीच्या संशोधनाच्या नोकरीमुळे लायडनला आलो. तरी समुद्रसपाटीपासूनच्या उंचीचे एवढे वेड मी एकाही विद्यार्थ्यात पाहिले नव्हते. आमच्या घरी पाऊल टाकताच ते भ्रमणध्वनी पाहून जाहीर करतात, "मास्तर, तुम्ही शून्याच्या खाली राहता. जपा!"

या वेडाचे मूळ सांगणे आवश्यक आहे. महामारीच्या आदल्या उन्हाळ्यात ते झांस्करच्या दुर्गम खोऱ्यात एका गोंपात, म्हणजे बौद्ध मठात, उतरले होते. तेथील वृद्ध लामाजींनी वरच्या देवघरातील जुनी भित्तिचित्रे पाहण्यासाठी त्यांच्या हाती वीतभर लांबीची लोखंडी किल्ली दिली. साडूंनी चित्रे पाहिली, शिस्तीने कुलूप लावले आणि किल्ली जाकिटाच्या खिशात ठेवून थेट जीपमध्ये बसले. आइंडहोव्हनला जाकीट धुवायला टाकताना ती मेहुणीच्या हाती लागली. "अहो, हे काय? देवाचं घर बंद करून आलात?" एवढेच ती म्हणाली, पण ते वाक्य साडूंच्या जिव्हारी लागले. फोनवर लामाजींनी हसत सांगितले, की दुसरी किल्ली नाही. दिवा लावायला आपण बाहेरून शिडी लावून खिडकीतून आत जातो. कुलूप का तोडत नाही, या प्रश्नाला त्यांचे उत्तर होते, "ताला क्यों तोड़ना? मेहमान तो आएगा ही।" सत्तरी ओलांडलेला साधू आपल्यामुळे रोज शिडी चढतो, या विचाराने साडूंची झोप उडाली. मी टपालाचा मार्ग सुचवला. ते म्हणाले, "मास्तर, किल्ली टपालाने पाठवायची म्हणजे माफीही टपालानेच मागायची." पुढच्या उन्हाळ्याचे तिकीट निघाले, आणि जगाची दारे बंद झाली.

घरात कोंडलेल्या साडूंनी मग जिन्यालाच हिमालय मानले. डच घराचा तो शिडीसारखा उभा जिना बत्तीस पायऱ्यांचा आहे. गोंपाची उंची गाठण्यासाठी तो सुमारे सहाशे वेळा चढावा लागेल, हे गणित त्यांनी माझ्याकडून तपासून घेतले आणि रोजच्या चढाईचा तक्ता शीतकपाटावर डकवला. उंचीवर घाई केल्यास मनुष्य आजारी पडतो, म्हणून पहिल्या दिवशी फार चढायचे नाही, हा नियमही त्यांनी काटेकोर पाळला. मधल्या मजल्यावर तळ असे आणि तेथे मेहुणीने चहा आणावा, अशी अपेक्षा असे. मेहुणी खालूनच ओरडे, "शिखरावर कपडे वाळत घातलेत, गिर्यारोहक! उतरताना घेऊन या."

याहून कठीण होते त्यांचे प्रदक्षिणेचे व्रत. त्या खोऱ्यांत स्तूप किंवा प्रार्थनाशिळांची भिंत नेहमी आपल्या उजव्या हाताला ठेवून जातात. साडूंनी हा नियम यच्चयावत वर्तुळाकार वस्तूंना लावला. येथे वाहने रस्त्याच्या उजव्या बाजूने धावतात, त्यामुळे चौकातील वाटोळे बेट डाव्या हाताला येते. साडू तेथे सायकलवरून उतरत आणि कडेच्या पदपथावरून ती ढकलत उलट्या बाजूने वळसा घालत. "आपल्याकडची वाहतूक बेशिस्त असेल, मास्तर, पण धर्माला धरून आहे," असे ते मला समजावत. सुपरमार्केटमध्ये अंतर राखण्यासाठी जमिनीवर बाण रंगवले होते. तेही नेमके मांडण्या डाव्या हाताला ठेवून फिरवणारे. साडू ढकलगाडी घेऊन बाणांविरुद्ध निघाले. समोरून येणाऱ्या आजीबाईंनी "मेनेअर, दीड मीटर!" असे डच भाषेत खडसावले, तेव्हा त्यांनी टोमॅटोंच्या ढिगाकडे बोट दाखवून अत्यंत आदराने इंग्रजीत सांगितले, की मी यांना उजवीकडे ठेवतो आहे. आजीबाईंनी तत्काळ तीन मीटर अंतर राखले.

दुसऱ्या हिवाळ्यात त्यांना करोना झाला. रुग्णालयातून ते घरी आले खरे, पण बोलताना दम लागू लागला. उन्हाळ्याच्या तोंडावर विमाने पूर्ववत झाली, तेव्हा ते हाउसआर्ट्सकडे, म्हणजे येथील घरच्या डॉक्टरकडे गेले. हा मनुष्य एरवी प्रत्येक दुखण्यावर पॅरासिटामॉल सांगतो. त्याने प्रथमच दुसरे काही सांगितले. फुप्फुसे हळूहळू बरी होतील, पण यंदा उंचीवर जायचे नाही.

मी भेटायला गेलो, तेव्हा तक्ता शीतकपाटावरून उतरला होता. साडूंनी लाल दोऱ्यात बांधलेली ती किल्ली माझ्या तळहातावर ठेवली.

"मी?" मी दचकलो. "अहो, मी सिंहगडदेखील बसने चढलो आहे."

"तीस वर्षं हिमालय फळ्यावर काढलात ना, मास्तर? जाऊन बघा, बरोबर काढला होता का."

गेलो. फळ्यावरचा माझा हिमालय फारच बुटका होता, हे येथे नमूद करतो. गोंपाच्या अंगणात लामाजींनी किल्ली ओळखली आणि माझ्या मागे पाहिले. "और वो?" मी आजाराची हकीकत सांगितली. त्यांनी बराच वेळ किल्ली कपाळाला लावून ठेवली, मग कुलूप उघडले. मी देवघरात जाऊन प्रदक्षिणा घातली. अर्थातच देव उजव्या हाताला ठेवून. बाहेर आल्यावर खिडकीला टेकलेली शिडी मी हलवू लागलो, तर लामाजींनी हात धरला. ती तेथेच राहणार होती. "अगले साल वो आएगा, तो दिखाऊँगा," ते मिस्कीलपणे म्हणाले, "कि उसने मुझसे क्या-क्या करवाया।"

परतल्यावर आइंडहोव्हनला जाऊन मी हे सारे क्रमवार सांगितले. हकीकत शिडीपाशी आली तसे साडू मोठ्याने हसले; हसता हसता खोकले. मग उठून त्यांनी माळ्यावर टाकायला ठेवलेले बूट पायांत चढवले. कठड्याला धरून, प्रत्येक पायरीवर थांबत, ते सोळा पायऱ्या चढले आणि मधल्या मजल्यावर बसले. मेहुणी न सांगता चहा घेऊन वर गेली. मी खाली उभा होतो. श्वास जुळल्यावर साडूंनी कठड्यावरून वाकून पाहिले.

"आज एवढंच, मास्तर," ते म्हणाले. "पहिल्या दिवशी फार चढायचं नसतं."