कुझ्माच्या नावाची खाडी

आमच्या व्हिस बेटाच्या दक्षिणेला कड्यांच्या पोटात समुद्राने चिमुकल्या खाड्या कोरून ठेवल्या आहेत. त्यांना नावे द्यावी लागत नाहीत, ती पडतात. एका खाडीत पाद्रीबाबा शेवाळावरून घसरले, ती 'पाद्रीघसर'. दुसरीत कुणाची तरी गाढवी उन्हाळाभर समुद्राकडे बघत उभी राही, ती 'गाढवी'. इतके ते सोपे. पण कुझ्मा नावाड्याला तेवढेही उभ्या जन्मात साधेना.

त्याची इच्छा एकच. आपल्या माघारी एखादी खाडी आपल्या नावाने ओळखली जावी. पाहुण्यांना होडीतून किनारा दाखवताना तो वळणावळणाला छाती फुगवी, "ही कुझ्माची खाडी!"

शेजारच्या होडीतून दुसरा नावाडी प्रोश्पे ओरडे, "मग सकाळची ती कुणाची? तुझ्या जुळ्या भावाची?"

शेवटी कुझ्माला एक बिननावाची खाडी सापडली. तळाला पांढरे गोटे, आणि पाणी असे निळे की बोट बुडवले तर रंग लागेल. त्याने आम्हा सगळ्यांना तिथे मेजवानीला नेले. मासे भाजले, वाइन ओतली आणि तो खडकावर चढून भाषणाला उभा राहिला.

"मित्रांनो, आजपासून या खाडीला..."

कांदा आणि खारवलेले मासे भरून भाजलेली पोळी घरीच राहिली होती, ती उराशी धरून त्याची बायको मेना कड्यावरच्या वाटेने येत होती. होडी एकटीच समुद्राला निघालेली तिला वरून दिसली.

"कुझ्मा! दोर! दोर बांध, मेल्या!"

तिची आरोळी अशी की लांब जाळी टाकून बसलेल्यांनीही ती ऐकली. कुझ्मा भाषण अर्धे टाकून, कोटासकट पोहत होडीमागे गेला.

दुसऱ्या दिवशी धक्क्यावर खाडीचे नाव तयार होते: 'कुझ्मादोर'.

आम्हाला वाटले, आता हा चिडणार. तो तर हरखला. "आधी कुणाचं नाव आहे? माझंच ना?"

पण आमच्या लोकांची जीभ मोठी आळशी. उन्हाळा भरात येईतो नुसता 'दोर' उरला. मग मात्र कुझ्मा पेटला. कुणीही 'दोर' म्हणाले की त्याची वाट अडवी. "कुझ्मादोर! पुरं म्हण!"

मेना म्हणे, "पाव आणायला पाठवावं, तर हा दुकानात नाव दुरुस्त करत बसतो. आम्ही उपाशी."

ऑगस्टच्या एका दुपारी पश्चिमेचे वादळ अचानक उठले. प्रोश्पेच्या होडीत पाहुणे होते, मीही होतो. लाटा आत येऊ लागल्या आणि प्रोश्पे बिथरला. तो सुकाणू घट्ट धरून नुसता बघत राहिला. तेवढ्यात मागून कुझ्माची हाक आली.

"प्रोश्पे! दोरात शीर! अरे, दोरात!"

प्रोश्पेने होडी वळवली. आम्ही कड्याच्या आडोशाला आलो, आमच्यामागून कुझ्माही आला. पाहुणे गोट्यांवर बसून कुडकुडत होते. प्रोश्पेच्या जिवात जीव आला आणि जिवाबरोबर जीभही आली.

"कुठे शीर म्हणालास रे, कुझ्मा?"

कुझ्मा सदरा पिळत राहिला. पिळता पिळताच म्हणाला, "पुरं नाव घेत बसलो असतो, तर तू बुडाला असतास."

त्यानंतर त्याने कुणाची वाट अडवली नाही. आता पाहुण्यांना तिथे नेले, की होडी हळू करून आपणच सांगतो, "ही दोर. नाव छोटं आहे. अडचणीत चटकन तोंडी येतं."