ताईसाठी न आणलेल्या गोळ्या

हे मी आजवर कुणालाच सांगितलं नाही — बायकोलाही नाही. तुम्हाला का सांगतोय, तेही मला नीट कळत नाही.

यवतमाळला मेडिकलच्या पोरांना मी औषधशास्त्र शिकवलं. संशोधन वेदनेवर. उंदराला गरम पत्र्यावर ठेवायचं आणि त्यानं पाय झटकला की लगेच उचलायचं — उगाच सोसू द्यायचं नाही, हा नियम. तो मी कधी मोडला नाही. उंदरांच्या बाबतीत.

माझी थोरली बहीण कळंबला दिलेली. तिचा स्तनाचा कॅन्सर मणक्यात उतरला. कूस बदलताना ती उशीचं टोक दातात धरायची — शेजारच्या खोलीत भाऊजी आणि लेक ऐकतील म्हणून.

"बापू, तू तं दुखण्याचाच डॉक्टर आहेस," ती म्हणाली. "मले काही दे ना."

होतं ना. मॉर्फिनच्या गोळ्या होत्या, आमच्याच रुग्णालयात. कॅन्सरच्या डॉक्टरांकडे एक शब्द टाकायचा होता, बस. पण तेव्हाच मॉर्फिनची काही इंजेक्शनं गहाळ झाली म्हणून चौकशी सुरू होती, आणि माझं विभागप्रमुखपद ठरत होतं. सर घरी मॉर्फिन नेतात, असं कुणी म्हटलं तर? — एवढीच भीती. एवढीशीच, हो.

मी म्हणालो, "ताई, याच्यापुढे औषधच नाही."

तिनं माझ्याच हातावर हात ठेवला. "नसन तं तू तरी काय करशीन? जेवून जाय."

आणि मी जेवलो.

परत तिनं कधी मागितलं नाही. तूर निघाली तेव्हा ती गेली. शेवटी तर कण्हायचंही त्राण नव्हतं. मला पद मिळालं.

पुढे तिची लेक आमच्याच कॉलेजात आली. मॉर्फिनवरचा तास संपला तशी व्हरांड्यात थांबली. "मामा, आईच्या वेळेस हे होतं?"

तेव्हा तरी खरं बोलता आलं असतं — नाही? आता कोणती चौकशी उरली होती?

"तेव्हा आपल्याकडे मिळत नव्हतं," मी म्हणालो. तिनं मान हलवली. विश्वास ठेवला.

आता ती उमरखेडला डॉक्टर आहे. मध्यंतरी तिच्या दवाखान्यात बसलो होतो. एका म्हातारीच्या मुलाला ती या गोळ्या समजावून सांगत होती. "माह्या आईच्या वेळेस हे औषधच नव्हतं, दादा," ती म्हणाली, आणि माझ्याकडे बोट केलं. "ह्या माह्या मामाले विचारा."

त्यानं माझ्याकडे पाहिलं.

मी म्हणालो, "नव्हतं."