उंट न बसलेला कोपरा

काल सुनेने गॅलरीतल्या कुंड्यांसाठी उंटाच्या लेंड्यांचं खत आणलं. पिशवी उघडताच आलेल्या कोरड्या, उग्र वासाने मला अकोट्याच्या फ्लॅटमधून थेट पादरा गावातल्या आमच्या शेतात नेलं.

मी दहा वर्षांची होते. कापूस पेरण्याआधी खत मिळावं म्हणून बाबांनी एका मालधाऱ्याचे, म्हणजे भटक्या पशुपालकाचे, उंट आठवडाभर शेतात बसवले होते. सगळं शेत लेंड्यांनी भरलं, फक्त चिंचेकडचा एक कोपरा कोरा राहिला.

"तिकडेही बसव ना," बाबा म्हणाले.

"साहेब, ए खूणामां ऊंट नहीं बेसे," म्हातारा मालधारी हळूच म्हणाला. त्या कोपऱ्यात म्हणे उंट बसणार नाहीत.

बाबा हसले आणि त्यांनी स्वतःच एका उंटिणीची दोरी ओढली. ती कोपऱ्याच्या कडेला थबकली. तिचं सगळं अंग थरथरत होतं. समोर कुणी उभं असावं तशी ती रिकाम्या जमिनीकडे टक लावून बघत होती. बाबांनी दोरी सोडली.

त्या वर्षी सगळ्यात उंच कापूस त्याच बिनखताच्या कोपऱ्यात आला. वेचणीच्या दिवशी आई तिकडे वळताच बाबा ओरडले, "तो राहू दे!"

तेव्हा मला वाटलं, बाबा रागावलेत. आज त्यांच्या तेव्हाच्या वयाच्याही पुढे गेल्यावर तो आवाज आठवतो आणि कळतं, बाबा घाबरले होते.